बँकॉक म्हटलं की हसणारे, आणि सासूबाईंचे गुडघे

पत्र (थोडं काटछाट करून):

ताई, आमच्या लग्नाला यंदा तीस वर्षं होतात. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं पाच रात्रींची परदेशवारी भेट द्यायचं ठरवलंय. आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचं वय 74, गुडघे बोलतात, पण हौस दांडगी. लेकीनं दोनच पर्याय दिलेत, बँकॉक नाहीतर क्वालालंपूर. दिवाळी झाली की निघायचं आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, कितीतरी आधी परत यायचं. मी ब्लाऊज शिवते, कापड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. बँकॉकची नदी, त्यातल्या होड्या, देवळं, कापडबाजार हे सगळं मी मोबाइलवर बघत असते. पण बँकॉकचं नाव काढलं की यांच्या टॉवेल कारखान्यातले मित्र डोळे मिचकावतात. नणंद तर म्हणाली, 'वहिनी, तू कशाला जातीस मधे?' क्वालालंपूरला उंच इमारती आहेत, तेही चांगलंच असेल. तिथल्या मोठ्या मुरुगनाचा, म्हणजे कार्तिकस्वामीच्या मूर्तीचा, फोटो कुणीतरी सासूबाईंना पाठवलाय. त्यांना जायचंय, पण बाईमाणसानं कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यावं का, अशी शंका. त्या कांदा-लसूण खात नाहीत. यांचं मटणाशिवाय पान हलत नाही. कुठं जावं? आणि येताना काय आणावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, तुमचं मूळ पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. नदी, होड्या, देवळं, कापड यांवर पानभर मजकूर. क्वालालंपूरच्या वाट्याला एक ओळ, तीही 'तेही चांगलंच असेल'. स्थळ बघून आलेली माणसं 'स्वभावानं बरी असेल' म्हणतात ना, तसला हा सूर. म्हणजे तुमचं ठरलेलं आहे आणि तुम्हाला फक्त नणंदेला तोंड कसं द्यायचं ते हवंय.

तर आधी तेच. बँकॉकमध्ये तसल्या गल्ल्या आहेत का? आहेत. पॅटपाँग, नाना, सोई काउबॉय ही त्यांची नावं, आणि ती लपवून ठेवलेली नाहीत. पण ऐंशी-नव्वद लाखांच्या त्या शहरात त्या मूठभर गल्ल्या आहेत. शोधत गेल्याशिवाय त्या पायाखाली येत नाहीत. अपवाद एकच, आणि तो नीट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या स्वस्त पॅकेजवाल्यांची हॉटेलं पुष्कळदा सुखुमवित रस्त्यावर, नानाच्या आसपास असतात. मग संध्याकाळी सासूबाईंना घेऊन जेवायला बाहेर पडलात की त्याच दिव्यांखालून जावं लागतं. म्हणून टूरवाल्याला पैसे द्यायच्या आधी हॉटेलचा पत्ता मागा. 'सिटी सेंटर' म्हणाला तर पुन्हा विचारा, स्टेशन कुठलं? सफान ताकसिन हे नाव आलं तर उत्तम. तिथं आकाशरेल्वे आणि नदीवरचा साथोर्न धक्का एकमेकांना चिकटून आहेत. आणि नणंदबाईंना सांगा, सासूबाई सोबत आहेत, आता काय राहिलं?

मी दोन्ही शहरं पाहिलीत. क्वालालंपूर आधी, एका ग्रुपबरोबर. बँकॉक नंतर, धाकट्या बहिणीबरोबर, दोघीच. त्यामुळे क्वालालंपूरबद्दल उगाच वाईट बोलणार नाही. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर ते शहर सोपं आहे. विमानतळ शहरापासून लांब, पण थेट गाडी अठ्ठावीस मिनिटांत आणून सोडते. दुकानदाराशी इंग्रजीत निभतं. ब्रिकफिल्ड्स भागात गेलात तर केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड. वाढणारा तमिळ काका पान रिकामं दिसलं की विचारत नाही, वाढतो. सासूबाईंच्या जेवणाची तिथं काळजीच नाही.

पण शहर म्हणून सांगायचं तर ते तरुण आहे. 1857 च्या सुमाराला कथलाच्या खाणींसाठी चिनी मजूर क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्यांच्या संगमावर उतरले, तिथून सुरुवात. 'क्वालालंपूर' म्हणजेच चिखलाचा संगम. त्या संगमावर 1909 ची जामेक मशीद आहे, विटांची, पांढऱ्या-लाल पट्ट्यांची, देखणी. पेट्रोनासचे जुळे मनोरे 452 मीटर उंच आहेत, 1998 पासून 2004 पर्यंत जगात सगळ्यांत उंच होते. 41 आणि 42 व्या मजल्यांवर दोघांना जोडणारा पूल आहे. रात्री दिवे लागल्यावर ते खरंच चांदीच्या समईसारखे दिसतात. बघायचे, मान दुखेपर्यंत बघायचे. आणि मग? मग मॉल. आमच्या ग्रुपनं तिसरा दिवस मॉलमध्ये काढला, आणि त्यातले निम्मे लोक फूड कोर्टात बसून सोलापूरच्याच गप्पा मारत होते. पाच रात्री असतील तर एक दिवस मलाक्काला जाता येतं, जुनं बंदराचं गाव आहे, दीडशे किलोमीटरवर. पण तेवढ्या बस प्रवासाला सासूबाईंचे गुडघे हो म्हणतील का ते बघा.

आता मुरुगन. बाटू केव्हजला, म्हणजे त्याच्या गुहांना, क्वालालंपूरच्या मध्यवर्ती स्टेशनवरून लोकल जाते, शेवटचं स्टेशनच ते. उतरलं की समोर सोनेरी मूर्ती, 42.7 मीटर उंच, 2006 मध्ये उभारलेली. तिच्या बाजूनं गुहेकडे चढणाऱ्या 272 पायऱ्या, रंगीबेरंगी रंगवलेल्या, उभ्या आणि अरुंद. माझ्या हातात केळ्यांची पिशवी होती. चाळिसाव्या पायरीवर एका माकडानं ती इतक्या शांतपणे काढून घेतली की मला वाटलं मागच्या बाईनंच मदतीला हात पुढे केला. वर पोचेपर्यंत माझे पाय थरथरत होते, आणि माझे गुडघे तेव्हा पन्नाशीतले होते. सासूबाईंना खालूनच हात जोडावे लागतील, आणि एवढं जाऊन पायथ्याशी बसून राहणं त्यांना रुचेल असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

त्यांच्या शंकेचं मात्र उत्तर आहे. कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हाच बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं, ही आपल्याकडची रीत, कारण आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. तमिळांचा मुरुगन पक्का संसारी. वल्ली आणि देवसेना अशा दोन बायका त्याच्या शेजारी उभ्या असतात. तैपूसमच्या यात्रेत बाटूच्या पायऱ्यांवर डोक्यावर दुधाच्या कळशा घेतलेल्या बायकांची रांग लागते. तेव्हा सासूबाईंना सांगा, देव तोच, पण सासर वेगळं. तिथं बायकांना मज्जाव नाही.

आणि ही गोष्ट पत्र वाचता वाचताच मला आठवली. बँकॉकमध्ये सिलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं मारिअम्मन देवीचं देऊळ आहे. गोपूर रंगीत, आत देवी, आणि तिच्याबरोबर गणपती आणि कार्तिकस्वामी. रस्त्याला लागून, 272 पायऱ्यांचा प्रश्नच नाही. सफान ताकसिनपासून टॅक्सीनं फार लांब नाही. थाई बायकासुद्धा तिथं झेंडूच्या माळा घेऊन रांगेत असतात. सासूबाईंचा नवस, असलाच तर, तिथं फिटेल.

महिन्याचंही बघा, कारण तुमच्या बाबतीत तोच मुद्दा वरचढ ठरतो. आपण सोलापूरचे, एप्रिलात त्रेचाळीस डिग्री सोसणारे. उन्हाचं आपल्याला कुणी सांगू नये, अशा गुर्मीत मी गेले होते. आपलं ऊन कोरडं. कडुलिंबाखाली उभं राहिलं की निम्मं उतरतं, माठातलं पाणी प्यायलं की उरलेलं. तिथं पारा तेहतीसच दाखवतो आणि सावलीतसुद्धा ब्लाऊज पाठीला चिकटलेला. क्वालालंपूर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे, त्याला हिवाळा हा प्रकारच नाही. शिवाय नोव्हेंबर हा तिथल्या सगळ्यांत जास्त पावसाच्या महिन्यांतला. सकाळी ऊन, तीन-चार वाजता ढग, मग असा कडकडाट की मॉलमध्ये पळण्यावाचून गत्यंतर नाही. बँकॉक मात्र जवळजवळ चौदा अंश उत्तरेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून कोरडे वारे येतात, पाऊस थांबतो, सकाळी सकाळी चक्क बरं वाटतं. थंडी म्हणू नका, स्वेटर घरी ठेवा. पण वर्षातले जे बरे चार महिने, त्यांतच तुम्ही निघालाय. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट बघा. नाताळ जवळ आला की दर चढतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत हवेत धुरकं असतं.

तर माझं मत बँकॉक.

विमानतळापासूनच सुरू करते. नाव सुवर्णभूमी. आत गेलं की समुद्रमंथन, देव-दैत्यांनी वासुकी धरलेला, हा लांबलचक. माझी बहीण ट्रॉली तिथंच सोडून बघत राहिली. 1782 मध्ये पहिल्या राम राजानं नदीच्या या काठावर राजधानी वसवली. हो, तिथल्या राजांना राम म्हणतात, सध्याचे दहावे. शहराचं थाई नाव क्रुंग थेप, म्हणजे देवनगरी, आणि पूर्ण नाव म्हणायला घेतलं तर श्वास पुरत नाही. महानखोन अमोन रत्तनकोसिन महिंथरा अयुथया... असं चालूच राहतं. हळू म्हणून बघा. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, सगळे आपलेच शब्द, वेगळ्या तोंडातून आलेले. स्टेशनवरच्या घोषणेत गुरुवारला 'फरुहत' असं काहीतरी ऐकू येतं, तो आपला बृहस्पती.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती पाचूची नसून हिरव्या जेडसारख्या दगडाची आहे, उंची जेमतेम दोन फूट. पण उन्हाळा, पावसाळा, थंडी असे वर्षातून तीनदा स्वतः राजा तिचे कपडे बदलतो. शिवणाऱ्या बाईला हे सांगायलाच हवं. भोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रं. त्याला ते रामकियेन म्हणतात. सासूबाईंना एक आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथं भर उन्हात वाद होईल. तिथला मारुती रावणाच्या मुलीच्या, सुवर्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. समुद्रात टाकलेले सेतूचे दगड ती चोरत असते, तिला अडवायला गेला आणि अडकला. एका परदेशवारीत कार्तिकस्वामी संसारी आणि मारुती प्रेमात, जरा जास्तच होईल त्यांना.

राजवाड्याचं तिकीट माणशी 500 बाहत आहे. बाहत साधारण अडीच-तीन रुपयांच्या घरात, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. महाग वाटेल, पण सोडू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुम्ही साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असाल, प्रश्न नाही. यजमानांना तेवढी थ्री-फोर्थ घालू देऊ नका.

आणि इथंच मी फसले. दारापासून थोडं अलीकडे एक नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला गृहस्थ भेटला. म्हणाला, आज दुपारपर्यंत राजवाडा बंद, पूजा आहे. तोवर स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो. पूजा म्हटल्यावर आम्ही दोघींनी मान डोलावली. टुकटुकवाल्यानं एक लहानसं देऊळ दाखवलं आणि मग रत्नांच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथं थंड पाणी, गोड बोलणं, आणि पाऊण तास. काही घेतलं नाही म्हणून परतताना टुकटुकवाला रुसला, तो वेगळाच. राजवाडा तर सकाळपासून उघडाच होता. ही युक्ती तिथं इतकी जुनी आहे की बाहेर सावधानतेचे फलक असतात, फक्त ते दारापाशी, आणि गृहस्थ त्याच्या अलीकडे. कुणी बंद म्हणालं तरी दारापर्यंत चालत जा.

शेजारीच वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ). 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्यांच्या नक्षीत 108 शुभचिन्हं. मला मात्र मूर्तीपेक्षा तिच्या पाठीमागची भिंत आठवते. तिथं ओळीनं 108 पितळी भांडी ठेवलेली असतात. वीस बाहत दिले की सुट्ट्या नाण्यांची वाटी मिळते, एकेक नाणं एकेका भांड्यात टाकत पुढे जायचं. पुढे-मागे सगळेच टाकत असतात, त्यामुळे टिण, टण, टिण असा आवाज त्या लांब दालनात अखंड चालू. बहीण म्हणाली, लहानपणी आजीच्या गावी माग चालायचे तसं वाटतंय. मला नाही वाटलं, पण तिला वाटलं.

नदीपलीकडे वाट अरुण, म्हणजे आपला अरुणच, सूर्याचा सारथी. लांबून दगडी वाटणारा तो मनोरा जवळून बघितला की चिनी मातीच्या बश्या-वाडग्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. फुलांच्या पाकळ्या म्हणजे बशीची कड. सासूबाईंना त्याच्या पायऱ्या चढू देऊ नका, फार उभ्या आहेत. खाली अंगणात बाकावर बसवा, त्यांना नदी दिसेल.

होडीचं स्पष्ट सांगते, कारण तुमचा जीव तिथं आहे आणि धोकाही तिथंच. धक्क्याला लागलेली होडी हलत असते, चढायला वेळ थोडा देतात, शिट्टी वाजवणारा घाई करतो. तुम्ही दोघांनी सासूबाईंना दोन बाजूंनी धरा, गर्दीची सकाळ-संध्याकाळ टाळा. होडीत पिवळ्या वस्त्रांतले भिक्खू असतील तर बायकांनी त्यांच्या शेजारी बसायचं नाही, त्यांच्या हातात काही द्यायचं नाही. ज्या दिवशी सासूबाईंचे गुडघे फारच कुरकुरतील त्या दिवशी भुयारी रेल्वेनं सनाम चाय स्टेशनला उतरा. लिफ्ट आहे, आणि वर आलं की वाट फो जवळच. आकाशरेल्वेला मात्र कुठल्या जिन्याजवळ लिफ्ट आहे ते आधी विचारून ठेवा, नाहीतर रस्त्याच्या चुकीच्या बाजूला अडकायला होतं. विमानतळांवर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवा. सासूबाई नको म्हणतील. बसल्यावर उतरायला तयार होणार नाहीत, माझ्या आईचा अनुभव आहे.

तुमच्यासाठी दोन जागा. एक म्हणजे फाहुरात, तिथलं छोटं भारत. मोठा गुरुद्वारा आणि त्याच्याभोवती कापडाचे गठ्ठे, लेस, बटणं, जरीकाठ. लागूनच सांपेंगची गल्ली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानात शिरायचं इतकी अरुंद. नवी पेठेतली दिवाळीची गर्दी ज्यांनी पार केलीय त्यांना काही वाटणार नाही. दुसरी जागा, जिम थॉम्पसनचं घर. हा अमेरिकन माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकला राहिला आणि मागावरच्या थाई रेशमाला त्यानं परदेशी गिऱ्हाईक मिळवून दिलं. जुनी सहा सागवानी घरं उचलून आणून त्यानं कालव्याकाठी एक घर केलं. कालव्यापलीकडे बान ख्रुआ नावाची मुसलमान विणकरांची वस्ती, त्यांच्याकडूनच तो कापड घेई. 1967 मध्ये मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्सला सुट्टीवर गेला, दुपारी फिरायला बाहेर पडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. आजतागायत पत्ता नाही. यजमानांना हे घर नक्की दाखवा. मागावरचा माणूस मागावरच्या माणसाबद्दल ऐकून घेतो.

जेवण. इथं क्वालालंपूर जिंकतं, मान्य. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस आणि सुक्या कोळंबीचं वाटण जिथं तिथं असतं, 'नुसती भाजी' म्हणून मागवलेल्यातही. पण दोन शब्द पाठ करून जा. 'मंगसविरत', म्हणजे मांसविरती, शाकाहार. दुसरा 'जे'. हे चिनी पद्धतीचं व्रताचं जेवण, त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते दुकान सासूबाईंचं. त्यांच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यालच, ती मोठ्या बॅगेत टाका. यजमानांना तिथं डुक्कर, कोंबडी, मासे सगळं मिळेल, मटण शोधावं लागेल. पाच दिवस राहू द्या की.

व्हिसाचे नियम दोन्ही देशांनी आपल्यासाठी अलीकडे सैल केलेत, पण ते बदलतात. तिकीट काढायच्या आठवड्यात लेकीला सरकारी संकेतस्थळावर बघायला सांगा. निघण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म दोन्हीकडे आहे. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तेच. लेकीचा हट्ट असेल की दोन्ही शहरं करा, तर नको म्हणा. विमान दोनच तासांचं आहे, पण सासूबाईंना घेऊन दोन विमानतळ म्हणजे एक अख्खा दिवस गेला.

काय आणावं, विचारलंय. रेशमाचा एक तुकडा, ब्लाऊजपुरता, खात्रीच्या दुकानातून. टॉवेल आणू नका, कारखान्यात यांचं हसं होईल. उलट घरचेच नॅपकिन न्या, सहा तरी, घामाला तिथल्या हॉटेलचे पुरत नाहीत. मी दोन नेले होते. त्यातला एक वाट फोच्या बाकावर राहिला, आणि बहीण अजून तो माझ्याकडे मागते.